शुभेच्छापत्रांची पार्श्वभूमीही मुलांनीच रंगवावी

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की आपल्याकडच्या शाळा, वाचनालये, महिला मंडळे शुभेच्छापत्रांच्या स्पर्धा ठेवतात. पुढे दिवाळी आणि नाताळलाही तेच. यंदा आमच्या पेडणे तालुक्यातल्या अशाच एका स्पर्धेचे प्रदर्शन पाहिले. मांडलेल्या बहुतेक कार्डांची पार्श्वभूमी बाजारातल्या छापील कागदाची होती. सोनेरी चकाकी, तयार ढग, तयार फुले, त्यावर गणपतीचा स्टिकर आणि आत दोन ओळी. पहिले बक्षीस त्यातल्याच एका कार्डाला मिळाले. कार्ड नीटनेटके होते, त्या मुलाला मी काहीही म्हणणार नाही. पण तिथेच एका मुलीने नेच्याची पाने कागदावर ठेवून, दात घासायच्या जुन्या ब्रशाने त्यांच्याभोवती हिरवा-निळा रंग उडवला होता. पाने उचलल्यावर राहिलेल्या पांढऱ्या आकृत्या इतक्या सुरेख होत्या की मी बराच वेळ तिथे उभी होते. तिला उत्तेजनार्थही काही मिळाले नाही. कारण विचारले तर उत्तर आले, ‘चित्र काढलेले नाही ना त्यात.’

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. ‘टीचर, मला चित्र येत नाही’ असे म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. अशा मुलाला कार्डाची पार्श्वभूमी हमखास जमते. तिथे नाक-डोळे बरोबर आलेच पाहिजेत असे नसते. पाणी, रंग आणि कागद काय करतात ते पाहत राहायचे आणि योग्य वेळी हात थांबवायचा, एवढेच असते. तेच काम छापील कागदाला दिले तर त्या मुलाच्या वाट्याला कात्री आणि डिंक एवढेच उरते.

यासाठी महाग सामान लागत नाही. म्हापशाच्या बाजारात मिळणारे आगराचे जाडे मीठ घ्या. जाड कागद स्पंजाने ओला करून त्यावर जलरंग पसरू द्यायचा. पाण्याची चकाकी मावळू लागते, पण कागद अजून ओला असतो, नेमक्या त्या वेळी मीठ भुरभुरायचे. प्रत्येक खडा आपल्याभोवतीचे रंगीत पाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर तिथे फिकट चांदण्या उमटतात. लवकर टाकले तर मीठ विरघळून नुसता डाग पडतो, उशिरा टाकले तर काहीच होत नाही. घरातल्या बारीक मिठाने ठिपके बारीक येतात. आगराच्या खड्यांनी येणारी मोठी, वेडीवाकडी नक्षी मला अधिक आवडते. आपल्या आगरवाड्याच्या मिठागरांजवळ राहणाऱ्या मुलांनी हे एकदा तरी करून पाहावे. मात्र कागद खडखडीत वाळल्यावर मीठ कोरड्या ब्रशाने पूर्ण झाडून टाकायला हवे. आपल्या पावसाळी हवेत राहिलेला खडा पुन्हा ओल धरतो आणि कार्डाला बुरशी येते.

दुसरा प्रकार माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा, म्हणजे लाल मातीच्या रंगाचा, थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. त्यातून वेलबुट्टी, मोर, देवादिकांच्या आकृती निघतात. जीर्णोद्धारात सिमेंट आणि ऑइलपेंटखाली त्यातले कितीतरी काम गेले. हीच पद्धत कार्डावर करता येते. पांढऱ्या कागदावर मेणबत्ती सगळीकडे दाबून घासायची. गेरूत बाभळीच्या डिंकाचे पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घालून तो त्यावर चढवायचा. साबण नसला तर मेणावर रंग धरत नाही. वाळल्यावर बोथट सुईने किंवा संपलेल्या बॉलपेनने ओरखडत गेले की लालातून पांढरी रेघ निघते. हा थर घडीवर तडकतो, म्हणून वेगळ्या तुकड्यावर काम करून तो कार्डाच्या पुढच्या बाजूला चिकटवावा. चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी सोडली की आपोआप चौकट दिसते. मी मुलांना आधी गावातल्या देवळाची भिंत पाहून या म्हणत असे. येऊन ती काय काय सांगत! एरवी त्या भिंतीकडे ती ढुंकूनही पाहत नसत.

पुस्तके बांधणारे बाइंडर वापरतात ती मैद्याची खळ रंगात कालवून कागदावर फासायची आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या फणीने ओढायची, हा लहान मुलांचा सर्वांत आवडता खेळ. बाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. ताजी खळ करून त्याच दिवशी संपवावी.

मोठ्या मुलांना अब्री, म्हणजे पाण्यावर तरंगवलेला रंग कागदावर उचलण्याची कला, दाखवावी. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला तो विजापूरच्या आदिलशाहीकडून. त्याच विजापुरात सतराव्या शतकात चित्रकार दाट पाण्यावर रंग तरंगवून ते कागदावर उचलत आणि त्यातून चित्रे घडवत. हाडे वर आलेला घोडा आणि त्यावरचा स्वार असे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पाणी दाट करायला मेथीचे दाणे भिजवून त्यांचा चिकटा काढण्याची जुनी रीत आहे. कागदाला आधी तुरटीचे पाणी लावले की रंग धरून राहतो. ज्या मुलाने हे एकदा स्वतः केले, त्याला दुकानातला संगमरवरी छापाचा कागद पुन्हा विकत घ्यावासा वाटणार नाही.

कागदाबद्दल एवढेच सांगते, झेरॉक्सचा ७०–७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पाण्याने लाटा धरतो. रंगकामाला निदान २०० जीएसएमचा असावा, ३०० चा मिळाला तर उत्तमच. ए-४ आकाराच्या एका कागदातून घडीची दोन छोटी कार्डे होतात, त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो. चकाकीच्या भुकटीला तर माझा स्पष्ट विरोध आहे. ती बहुतेक प्लॅस्टिकचीच असते. हात धुतले की गटारात, तिथून नदीत आणि शेवटी समुद्रात जाते. युरोपीय संघाने सुट्या प्लॅस्टिक चकाकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले आहेत. समुद्राकाठी राहणाऱ्या आपण तरी ती मुलांच्या हाती का द्यावी?

दिवाळीच्या स्पर्धांच्या सूचना आता निघतील. आयोजकांना माझी विनंती आहे की छापील पार्श्वभूमी चालणार नाही हे नियमातच लिहावे. एकूण गुणांपैकी निम्मे गुण पार्श्वभूमीसाठी ठेवावेत. आणि पार्श्वभूमी कशी केली हे मुलाने स्वतःच्या शब्दांत तीन-चार ओळींत कार्डाच्या मागे लिहावे, परीक्षकांनी ते वाचल्याशिवाय गुण देऊ नयेत. शक्य असेल तर प्रदर्शनात कार्डे दोऱ्याला टांगावीत, म्हणजे मागचा मजकूर पालकांनाही वाचता येईल. आपल्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानावर अशा कार्डांना जागा मिळाली तर शाळाही याकडे लक्ष देतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
पेडणे, गोवा