ऑडिटर राजीनामा देऊन गेला आणि तुमचं सॉफ्टवेअर गप्प बसलं

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय: ऑडिटरच्या राजीनाम्याचा अलर्ट न येणे आणि त्यावर आपल्या ग्राहक सेवेने दिलेला सल्ला

तुमच्या ग्राहक सेवेशी आज शेवटचं बोललो. यापुढे जे असेल ते लेखी. लिस्टेड कंपन्या शेअर बाजाराला जी माहिती लेखी कळवतात ते फायलिंग म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला लागू नये. तुमचं सॉफ्टवेअर तेच चाळून अलर्ट विकतं.

नाशिकला माझी सीएची प्रॅक्टिस आहे. क्लायंट बहुतेक अंबड आणि सातपूरचे लहान कारखानदार, मोठ्या कंपन्यांना माल उधारीवर देणारे. शेअरच्या भावाशी त्यांना देणंघेणं नाही. आपले पैसे जिथे अडकलेत तिथे आत काय शिजतंय, एवढंच त्यांना हवं असतं: कंपनीचं रेटिंग (पतमानांकन) उतरलं का, प्रमोटरने शेअर तारण टाकले का, ऑडिटर मुदत संपायच्या आधीच सोडून गेला का. सेबीच्या नियमांप्रमाणे हे शेअर बाजाराला कळवावंच लागतं. ऑडिटरने राजीनाम्याची जी कारणं दिली असतील, ती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत. म्हणजे माहिती कुणी लपवलेली नसते, फक्त ढिगात पडलेली असते. तो ढीग उपसायचे पैसे मी तुम्हाला भरतो.

आता घडलं ते. एका क्लायंटच्या मोठ्या गिऱ्हाइकावर मी तुमच्याकडे अलर्ट लावून ठेवला होता. स्क्रिप कोड (कंपनीचा शेअर बाजारातला क्रमांक) बरोबर, ‘ऑडिटर’ आणि ‘रेझिग्नेशन’ हे शब्द बरोबर, ईमेल चालू. तुमच्याच माणसाने नंतर ते तपासून ‘सेटिंग परफेक्ट आहे सर’ असं सांगितलं, त्याबद्दल आभार. त्या गिऱ्हाईक कंपनीने ऑडिटरच्या राजीनाम्याचं पत्र बीएसईवर (मुंबई शेअर बाजाराच्या वेबसाइटवर) टाकलं. अलर्ट आला नाही. बातमी क्लायंटला शेजारच्या शेडमधल्या दुसऱ्या सप्लायरकडून कळली आणि त्याने मला विचारलं, “साहेब, ऑडिटर पळाला म्हणे, तुम्ही काही बोलला नाहीत?” तोवर मालाची आणखी एक गाडी रवाना झाली होती.

तुमच्याकडून आलेलं स्पष्टीकरण असं: कंपनीने ते पत्र ऑडिटर बदलाच्या सदरात न टाकता ‘जनरल’ सदरात टाकलं आणि पत्र स्कॅन केलेलं होतं, म्हणून सिस्टिमने ते ‘उचललं’ नाही. यावर आजचा संवाद जसा झाला तसा देतो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो असणारच.

मी विचारलं, “तुम्ही ती पीडीएफ उघडलीत का?”
“हो सर, आत्ता समोरच आहे.”
“काय लिहिलंय त्यात?”
“सर, ती इमेज आहे.”
“इमेजमध्ये काय लिहिलंय?”
“सर, सिस्टिमला ते वाचता येत नाही.”
“सिस्टिमचं राहू द्या. तुम्हाला वाचता येतंय ना?”

यावर फोन होल्डवर. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकली, तीत ‘प्रत्येक फायलिंगचं प्रत्येक पान’ हे शब्द होते. मग वरिष्ठ म्हणवणारे गृहस्थ आले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, एक सुस्कारा सोडला (हो, ऐकू आला) आणि म्हणाले, “सर, एक सांगू का? हे सगळं बीएसईच्या वेबसाइटवर फ्री असतं. तुम्ही रोज सकाळी एकदा तिथेच चेक करत जा ना.”

मी बीएसईची वेबसाइट तुमची कंपनी जन्मायच्या आधीपासून बघतो. ती फुकट आहे हे मला ठाऊक आहे. ती रोज बघायला लागू नये म्हणूनच तुमचं सबस्क्रिप्शन घेतलं. लग्नाच्या केटररने पंगतीत येऊन ‘घरी स्वयंपाकघर आहे ना तुमच्याकडे?’ असं विचारावं, तसला हा प्रकार. फोन ठेवल्यावर माझ्या तक्रारीचं तिकीट बंद झालं. शेरा: ‘सोडवले. ग्राहकाला पर्यायी मार्ग सुचवला.’

कंपनीने चुकीचं सदर निवडलं हा तुमचा बचाव मला मान्य नाही. वाईट बातमी योग्य सदरात, ठळक अक्षरांत कोण टाकतं? तिमाही निकाल आणि शेअरहोल्डिंग पॅटर्न एक्सबीआरएलमध्ये, म्हणजे संगणकाला थेट वाचता येणाऱ्या साच्यात येतात. ते कुठलंही सॉफ्टवेअर वाचतं, त्यात तुमचं कर्तृत्व ते काय. खरी किंमत आहे ती वाकड्या स्कॅन केलेल्या, शिक्का मारलेल्या पत्रांची, आणि नेमकं तिथेच तुमचं उत्पादन आंधळं. ७ जानेवारी २००९ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी हिशेबातला घोटाळा कबूल करणारं पत्र संचालक मंडळाला लिहिलं, त्याची प्रत सेबीला आणि शेअर बाजारांनाही गेली. तसलं पत्र उद्या कुणी ‘जनरल’मध्ये टाकलं तर तुमचे ग्राहक ते वर्तमानपत्रात वाचतील.

मागची तक्रारही अजून तशीच आहे. कंपनीने चूक दुरुस्त करून निकाल पुन्हा दाखल केला, की तुमचं सॉफ्टवेअर नवीन फायलिंग ‘डुप्लिकेट’ समजून लपवतं आणि चुकीचे आकडे दिमाखात दाखवत राहतं. विषयाची ओळ सारखी, म्हणून मजकूरही सारखा, हे तर्कशास्त्र कुणाचं? शिवाय १४ नोव्हेंबरला, सप्टेंबर तिमाहीच्या निकालांची ४५ दिवसांची मुदत संपते त्याच संध्याकाळी, तुमचा सर्व्हर बसतो. ती तारीख अचानक येत नाही हो.

आणि वर सल्ला काय, तर बीएसईची वेबसाइट बघा!

मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. उरलेल्या मुदतीचे पैसे परत. ऑटो रिन्यूअल बंद केल्याची खात्री. स्कॅन केलेली कागदपत्रं तुमच्या शोधात येतात की नाही, याचं हो किंवा नाही असं सरळ उत्तर. ते ‘नाही’ असेल तर ‘प्रत्येक पान’ हा दावा होमपेजवरून आणि त्या होल्डच्या जाहिरातीतून काढा. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर त्या दाव्याचा स्क्रीनशॉट भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे जाईल आणि मी ग्राहक आयोगात जाईन. तिथे तुमचे वकील ‘व्यावसायिक हेतू’चा, म्हणजे धंद्यासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही असा मुद्दा काढतील, त्याची तयारी ठेवूनच लिहितोय.

सुरुवातीला तुमचं सॉफ्टवेअर मीच चार सीए मित्रांना सुचवलं होतं. त्यांनाही या पत्राची प्रत पाठवत आहे.

फोन करू नये.

सध्यापुरता आपला ग्राहक,
एक सनदी लेखापाल, नाशिक