बाही वर करायला लावा, साहेब!

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब, स. न. वि. वि.

आपण आमच्याच जिल्ह्याचे. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेहून आल्यावर दोन दिवस मोरीत गुलालाचं गुलाबी पाणी वाहतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून प्रस्तावना न करता एक कबुली देतो.

मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीचा जुना कार्यकर्ता. वीस-बावीस वर्षं रक्तदान शिबिरं भरवतोय. दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या शिवजयंतीला आम्ही शिबिर घेतलं. पौर्णिमेची यात्रा होऊन सतरा दिवस झाले होते. डिजिटल फलकावर आकडा आधीच छापलेला, ‘३५१ रक्तपिशव्यांचा संकल्प’, आणि प्रत्येक दात्याला एक हेल्मेट. दुपारी बारापर्यंत आकडा शंभरीच्या आतच होता आणि माझा जीव खालीवर होत होता.

गल्लीतलंच एक पोरगं रांगेत आलं. त्या रखरखत्या उन्हात अंगात फुल बाह्यांचा शर्ट. टेबलावर दाते तपासणाऱ्या रक्तपेढीच्या ताईंनी बाही वर करायला सांगितलं, तसं ते घुटमळलं. मनगटापासून कोपरापर्यंत ‘चांगभलं’ गोंदलेलं, कडेची खपली अजून पुरती सुटलेली नव्हती. यात्रेच्या रस्त्यावर एका मशीनवाल्याकडून काढून घेतलं म्हणाला. सुई नवी होती का? तर म्हणाला, आम्ही सहा जण होतो, एकामागोमाग एक बसलो.

ताईंनी अर्ज बाजूला ठेवला. गोंदवलं की बारा महिने रक्त देता येत नाही, हा नियम आहे. मी मध्ये पडलो. “घ्या हो ताई, पोरगं आखाड्यातलं आहे. आणि तुम्ही रक्त तपासताच की नंतर!” वर चारचौघांत आवाजही चढवला. त्याची आजही लाज वाटते.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेता ना? पाणी घातलेलं लॅक्टोमीटरला कळतं. म्हैस कालच आजारी पडली असेल तर ते त्याला कळतं का?”

मग त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. प्रत्येक पिशवी पाच गोष्टींसाठी तपासतात: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. पण विषाणू अंगात शिरल्यावर तपासणीत दिसायला वेळ लागतो. एचआयव्हीची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला अंगात तयार होणारे घटक, तपासणीत दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, कावीळ सीची दिसायला दोन-अडीच महिनेही. ह्या मधल्या काळाला त्यांच्या भाषेत विंडो पिरियड म्हणतात. रक्तात विषाणू असतो आणि अहवाल स्वच्छ येतो. मी बोटांवर मोजलं. पौर्णिमेपासून सतरा दिवस. पोरगं बरोबर त्या खिडकीत उभं होतं. आणि एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे भाग करतात, म्हणजे तिघांना जातं ते.

त्या पोराला पुढं काहीही निघालं नाही. त्यानं वर्षभरानं येऊन रक्त दिलंही. पण ते आमचं नशीब.

ज्यांचं नशीब खराब, त्यांचं काय होतं ते आपल्या खात्याला माहीत आहे. २०२२ साली नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं, त्यातलं एक मूल गेलं. ह्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. आपण आयुष्यात एखाद्या वेळी जो धोका पत्करतो, तो ही मुलं दर महिन्याला पत्करतात. थेट विषाणूचाच अंश शोधणाऱ्या नॅट नावाच्या तपासणीनं ही खिडकी बरीच लहान होते, एचआयव्हीसाठी दहा-अकरा दिवसांवर येते. ती आपल्या देशात अजून सक्तीची नाही. खर्चिक आहे, मान्य. मग निदान थॅलेसेमियाच्या मुलांना राज्यात कुठंही नॅट केलेलंच रक्त मिळेल, एवढा आदेश आपल्या सहीनं निघू शकतो.

पण नॅटनंसुद्धा खिडकी पुरती बंद होत नाही. पहिली तपासणी प्रयोगशाळेत होत नाही साहेब, ती मांडवातल्या टेबलावर होते. तिथं माणूस खरं बोलला पाहिजे, आणि आमच्यासारखे कार्यकर्ते त्याला खोटं बोलायला लावतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त विकणारे दाते १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले. का? पैशासाठी माणूस आजार लपवतो म्हणून. मग हेल्मेट, कुकर, पाण्याचा जार हे वेगळं काय आहे? दारातनं हाकललं ते खिडकीतनं आत घेतलं आपण. आमच्या मांडवात तर अर्ज भरताना शेजारी मित्र उभा, मागं स्पीकर, समोर नगरसेवक. अशात कुठलं पोरगं नाजूक प्रश्नाचं खरं उत्तर देणार?

आता यात्रांबद्दल. मी देवाधर्माच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही, मी स्वतः सासनकाठी नाचवलेला माणूस आहे. उलट रोग टाळणं हे आमच्या देवाधर्मातच आहे. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी ‘पी ढबाक’च्या तालावर टेंबलाईदेवीला नेतो, ते रोगराई गावात येऊ नये म्हणूनच. आपल्याकडचे जैन बांधव पाणी गाळून, उकळून पितात. (२०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, तेव्हा ही सवय साऱ्या शहराला असती तर, असं राहून राहून वाटतं.) मुस्लिम बांधवांत साथीच्या गावात जाऊ नये, साथ असलेल्या गावातून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण सांगतात. आणि एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणं, हे कुराणात आहे, मोहरमच्या शिबिरांच्या फलकांवर आपण ते वाचतोच.

तेव्हा अडचण श्रद्धेची नाही, सुईची आणि पात्याची आहे. जत्रेत गोंदण, कान टोचणं, नवसाचं जावळ हे सगळं चामडीला छेद जाऊ शकेल असं काम. कावीळ बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहतो. सुई बदलली तरी शाईची वाटी सगळ्यांना एकच असेल, तर उपयोग शून्य. गावोगावच्या नाभिक बांधवांनी एड्सच्या भीतीच्या काळात वस्तरा ठेवून गिऱ्हाइकागणिक नवं अर्धं पातं लावायला सुरुवात केली, पुढं तीच रीत झाली. जत्रेतल्या गोंदणवाल्यालाही ते जमेल. देवस्थान समिती, ग्रामपंचायती आणि आपलं खातं यांनी मिळून जागा देतानाच अट घालावी: सुई-पात्याचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं, शाईची वाटी प्रत्येकाला वेगळी, वापरलेलं टोकदार सामान बंद डब्यात. न पाळणाऱ्याचं मशीन उचलायचं. अन् प्रत्येक जावळाच्या जागी ‘प्रत्येकाला नवं पातं’ असा एक फलक लावावा, बस्स.

अजून एक बारकी गोष्ट. उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं, आणि आम्ही नवरात्रात शिबिर घेतो. एकदा तीन उपासकरी भोवळ येऊन पडले, त्यातला एक खुर्चीसकट. रोजाच्या महिन्यातही तेच. त्यात सणाला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रक्ताचा महापूर, मे महिन्यात ठणठणाट. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. जिल्ह्यातल्या तालमी, मंडळं, मशिदी, जैन बस्त्या, रक्तपेढ्या यांना एकत्र बसवून वर्षाचं वेळापत्रक करणं हे एका दुपारचं काम आहे. आपण बोलावलंत तर सगळे येतील, चहा आमच्याकडून.

आमच्या तालमीनं आपल्यापुरतं ठरवलंय. २६ जूनला शाहू जयंतीच्या शिबिरात भेटवस्तू नाही, फलकावर आकडा नाही, स्पीकर नाही. अर्ज भरायला तालमीतली आतली खोली, जिथं पूर्वी लाल मातीची पोती ठेवायचो, ती रिकामी केली आहे. आत फक्त दाता आणि विचारणारी व्यक्ती.

आपणही यावं. फीत कापायला नको. रांगेत उभं राहून अर्ज भरावा, प्रश्नांना उत्तरं द्यावीत, बाही वर करावी. त्याच ताई टेबलावर असतील, आणि त्या मंत्र्यालाही सोडणार नाहीत. येताना पोटभर जेवून या.

आपला,
तालमीचा एक जुना कार्यकर्ता
मंगळवार पेठ, कोल्हापूर