नेमकं रेकलेस कोण?

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मी नोकरी सोडतेय हे कळल्यावर तुम्ही मला ‘रेकलेस’ म्हणालात. रागावलात ते ठीक. पण शब्द चुकीचा वापरलात, आणि उशाशी शब्दकोश ठेवणाऱ्या माणसाला ते शोभत नाही.

जुन्या इंग्रजीत ‘रेक’ म्हणजे पर्वा करणं. ते क्रियापद आता जवळपास मेलंय, या एका शब्दात तेवढं तग धरून आहे. (मोडतोडीचा ‘रेक’ वेगळा, त्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डब्ल्यू असतो. इंग्रजसुद्धा तिथे फसतात.) आपल्या ‘बेदरकार’ची घडणही अशीच: ज्याला दरकार नाही तो.

आई दाराला कुलूप लावायला विसरते, ते ‘केअरलेस’. धोका त्या वेळी तिच्या मनातच नसतो. आततायीपणा केला की ‘रॅश’. रेकलेस माणसाला मात्र धोका दिसत असतो, तरी तो खुशाल पुढे जातो. निदान इंग्लंडचा फौजदारी कायदा आज तसं मानतो. तिथेही बराच घोळ झाला. १९५७च्या कनिंगहॅम खटल्यात ठरलं, आरोपीला स्वतःला धोका जाणवला होता का ते बघायचं. पुढे कॉल्डवेल खटल्यात, चारचौघांना तो उघड दिसला असता एवढंही पुरेसं ठरलं. मग ११ आणि १२ वर्षांच्या दोन पोरांनी एका दुकानामागे वर्तमानपत्रं पेटवली आणि आग दुकानात पसरली. आग इतकी पसरेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) त्यांना दोषी ठरवणारा निकाल रद्द केला आणि कॉल्डवेलचा अर्थ मोडीत काढला.

आता माझं बघा. डोक्यावर कर्ज नाही, पुढच्या कामाचा करार हातात आहे, काम फसलं तर काय करायचं तेही ठरलंय. याला धाडस म्हणा, आगाऊपणा म्हणालात तरी चालेल.

आणि तुम्ही? रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काही जाणवत नाही, बरं वाटतं म्हणून गोळी सोडायची नसते, हे तुम्हीच मला समजावलं होतंत. आणि आता ‘मला कुठे काय होतंय’ म्हणत स्वतःच्या मनाने गोळ्या बंद! कनिंगहॅमच्या कसोटीवर तुम्ही सपशेल दोषी.

आई, तू त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे ने. गोळी कमी करायची की चालू ठेवायची, ते डॉक्टर ठरवतील. रक्तदाबाचा आकडा तूच कळव, बाबा त्यात सूट घेतात.

तुमची लेक