गाळणी विकत घेण्याआधी बादली भरून ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या अनेक घरांना हा अनुभव नवा नाही. पंपातून पाणी येते तेव्हा काचेसारखे नितळ असते आणि थोड्या वेळाने त्याच बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसलेला दिसतो. बेसिनवर पिवळट ओघळ उठतात, फ्लशच्या टाकीत चिकट थर जमतो, पांढऱ्या कपड्यांवर पडलेले डाग काही केल्या जात नाहीत. हे पाण्यातले लोह. ते काढण्यासाठी यंत्र घ्यायची घाई करू नका, एवढे सांगायला हे पत्र लिहिते आहे. ती घाई आम्ही केली आणि पस्तावलो.

आमची पहिली चूक तपासणीतच झाली. नमुना घेतला तो गच्चीवरच्या टाकीच्या नळातून. म्हणजे बरेचसे लोह आधीच टाकीच्या तळाशी बसलेले होते. ती बाटली प्रयोगशाळेत पोहोचायला दोन दिवस लागले. तोवर उरलेले लोहही गंज होऊन बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटले असणार. अहवालात आकडा आला अगदी किरकोळ. त्या भरवशावर विक्रेत्याने पाणी मृदू करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, गळ्यात मारले आणि काही महिन्यांतच ते तुंबले. दोष यंत्राचा नव्हता. विरघळलेले लोह थोडे असेल तर सॉफ्टनर ते काढतो, पण गंजाचे कण आले की त्याच्या आतल्या रेझिनच्या मण्यांवर लेप चढतो आणि ते निकामी होऊ लागतात. पाण्यातले लोह कोणत्या अवस्थेत आहे हे विक्रेत्याने विचारले नाही आणि असे काही विचारायचे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

नमुना घ्यायचा तो थेट विहिरीवरच्या पंपाच्या तोंडाशी, पंप काही मिनिटे चालू ठेवून. लोहासाठीच्या बाटलीत आम्ल घालावे लागते, म्हणजे लोह वाटेत साका होऊन बसत नाही. अशी बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी. दुसरा नमुना घरातल्या नळाचा, सकाळी पहिल्या धारेचा घ्यावा. विहिरीत लोह कमी आणि नळाला जास्त निघाले, तर विहिरीचा काही दोष नाही, घरातले जुने लोखंडी पाइप गंजत आहेत. तिथे कितीही महाग गाळणी बसवली तरी पाइप बदलल्याशिवाय गुण येणार नाही.

पण प्रयोगशाळेच्याही आधी एक साधी गोष्ट करता येते. पंपाच्या तोंडाशी पांढरी बादली भरा आणि एक दिवस तशीच ठेवून लक्ष ठेवा. जमिनीखालच्या पाण्यात बहुधा प्राणवायू नसतो, म्हणून तिथे लोह फेरस रूपात विरघळून राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. हवा लागली की त्याचे फेरिक होते, ते पाण्यात विरघळत नाही आणि तांबूस कण होऊन खाली बसते. नितळ पाणी हळूहळू लालसर झाले, तर लोह विरघळलेले आहे. पंपातूनच लाल पाणी आले, तर ते आधीच गंजलेले आहे आणि चांगली वाळूची गाळणी त्याला पुरू शकते. पाणी फिकट तपकिरी राहिले आणि दिवसभरात काहीच खाली बसले नाही, तर लोह कुजलेल्या पालापाचोळ्यातल्या सेंद्रिय द्रव्यांना बिलगलेले असण्याची शक्यता मोठी. हा प्रकार सर्वांत चिवट. त्याला नुसती हवा पुरत नाही, जाणकाराला विचारावेच लागते.

बादलीवर रंगीत तवंग दिसला तर काडीने हलवून बघा. तेल असेल तर तवंग पुन्हा जुळून येतो. काचेच्या कपच्यांसारखा तुटून तसाच राहिला तर तो लोहाचा. सोबत टाकीत बुळबुळीत तांबडा गोळा असेल तर लोहावर जगणारे जिवाणू आले आहेत. ते रोग पसरवत नाहीत, पण पाइप आणि पंप तुंबवतात. अशा वेळी आधी विहीर आणि पाइप क्लोरीनने धुऊन घ्यावे लागतात, गाळणीचा विचार त्यानंतर.

आमच्या बादलीतले पाणी नितळचे लालसर झाले आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा (7 च्या खाली आम्लधर्मी), 7 च्या थोडा वर निघाला. त्यामुळे उपाय सोपा ठरला. 1 मिलिग्रॅम लोहाला फक्त 0.14 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि हवा लागलेल्या पाण्यात तो सामान्य तापमानाला लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे हवाच पुरे होते, रसायनाची गरज पडत नाही. पाणी छिद्रांच्या पाइपमधून फवाऱ्यासारखे टाकीत पाडायचे, काही तास निवळू द्यायचे, मग खडीवर पसरलेल्या वाळूतून खाली येऊ द्यायचे. टाकी झाकलेली हवी, पण वारा आत जायला जाळी हवी. वाळूचा वरचा थर तुंबला की खरवडून धुवायचा. हे काम टाळले तर गाळणी आठवड्या-दोन आठवड्यांत तुंबून बंद पडते.

मात्र पाणी आम्लधर्मी असेल तर हाच उपाय फसतो. पीएच एका अंकाने खाली आला की हवेने लोह गंजण्याचा वेग सुमारे शंभरपट मंदावतो. वरच्या टाकीत काहीच बसत नाही, लोह वाळूतून पार होते आणि पुढच्या पिंपात जाऊन गंजते. तिथे आधी चुनखडीच्या खड्यांवरून पाणी नेऊन पीएच वाढवतात किंवा क्लोरीन अथवा परमँगनेट वापरतात. काळे डाग पडत असतील तर मँगनीजही आहे असे समजावे, ते हवेला लोहाइतके सहज दाद देत नाही.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते आरोग्याबद्दल. विहिरीत साधारणपणे आढळणाऱ्या प्रमाणातले लोह स्वतः बहुतेकांना आजारी पाडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरवलेली नाही, लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर डाग आणि चव यांचा त्रास सुरू होतो एवढेच. (शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.) धोका दुसरीकडे आहे. जंतू मारायला टाकलेले क्लोरीन आधी लोहावर खर्च होते, 1 मिलिग्रॅम लोहामागे सुमारे 0.63 मिलिग्रॅम. ब्लीचिंग पावडर मोजून टाकलेल्या घरातही जंतूंसाठी काहीच उरले नाही असे होऊ शकते. जंतू मारणाऱ्या अतिनील (यूव्ही) दिव्याचेही तसेच, लोहाचा थर काचेच्या नळीवर बसतो आणि प्रकाश पाण्यापर्यंत पोहोचत नाही. यंत्राचा हिरवा दिवा मात्र लागलेला असतो आणि घरातली लहान मुले ते पाणी पितात. म्हणून लोह आधी काढायचे, निर्जंतुकीकरण नंतर. शिवाय लोह असलेल्या विहिरीचे पाणी एकदा तरी आर्सेनिकसाठी तपासावे. त्याला रंग नाही, चव नाही, आणि ते पुष्कळदा लोहाच्या सोबतीने येते. ते निघाले तर गाळणीतला साका झाडांना घालू नये, कारण आर्सेनिक त्यालाच चिकटून असते.

आणि कपड्यांवरच्या डागांना ब्लीच लावू नका. क्लोरीनने तो गंज अधिकच पक्का होतो. लिंबाच्या सत्वाने, म्हणजे सायट्रिक ॲसिडने, तो सुटतो.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की लोहासाठी पाण्याचा नमुना कुठून आणि कसा घ्यावा याची एक छोटी चौकट वाचकांसाठी छापावी. आणि यंत्र घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: आपल्या पाण्यातले लोह कोणत्या प्रकारचे आहे, आणि गाळणी किती दिवसांनी, कशी धुवायची.

आपली,
एक नियमित वाचक