रेंज उंचावर पकडायची, वायरने खाली आणायची

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

घरी फोन आणि इंटरनेट नीट चालावं म्हणून काहीही विकत घेण्याआधी हे पत्र सावकाश वाचा. घरात रेंज नाही म्हणजे जवळपास टॉवरच नाही, असं नेहमी नसतं. बऱ्याचदा रेंज छपरापर्यंत आलेली असते, पण धातूचा पत्रा आणि जाड भिंती तिला आत येऊ देत नाहीत. म्हणून रेंज बाहेर, उंचावर पकडायची आणि तिथून वायरने घरात आणायची. बाकी सगळा तपशील याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी मोजमाप. फोनवर दिसणाऱ्या काड्यांवर भरवसा ठेवू नका. किती रेंजला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन आपापलं ठरवतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडलं की 'सिग्नल स्ट्रेंथ'समोर -९७ डीबीएम असा आकडा दिसतो (डीबीएम हे रेंजचं माप). काही फोनमध्ये तो दिसत नाही, तेव्हा सिग्नल मोजणारं एखादं मोफत ॲप टाकावं लागतं. आकडा उणे असल्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीसाठी -८५ उत्तम, -१०० चालेल, -११० ला बोलणं तुटायला लागतं आणि -१२० म्हणजे जवळजवळ काहीच नाही. इथे ३ चा फरक म्हणजे दुप्पट ताकद आणि १० चा फरक म्हणजे १० पट. त्यामुळे -१०५ आणि -९५ हे आकडे दिसायला शेजारी असले तरी प्रत्यक्षात फार लांब आहेत.

घराच्या आत, चारही बाजूंना अंगणात आणि जमेल तेवढ्या उंचीवर मोजा. प्रत्येक जागी मिनिटभर थांबा, कारण आकडा सतत खालीवर होतो. त्यातला मधला लिहून घ्या. हे दोनदा करा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास, आणि सोबत इंटरनेटचा वेगही तपासा. रात्री रेंजचा आकडा तोच असून वेग खूप पडत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. मोठा अँटेना लावूनही ती गर्दी कमी होत नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम घ्यावं लागतं. म्हणून घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरही आकडे बघून ठेवा. झाडांना भरपूर पाला असतानाचं मोजमाप जास्त खरं धरा. ओला पाला रेडिओ लहरी शोषून घेतो, त्यामुळे पानगळीत मिळालेला आकडा पावसात टिकत नाही.

उंचावर -१०५ किंवा त्याहून चांगला आकडा मिळाला, तर बाहेर लावायचा फोरजी राउटर घ्यावा. अँटेना, मोडेम (रेंजचं इंटरनेट करणारा भाग) आणि सिम एकाच पावसापाण्यात टिकणाऱ्या डब्यात असतात, आणि त्यातून खाली येते ती फक्त नेटवर्क केबल. दुकानदार बहुधा छपरावरचा अँटेना आणि घरातला राउटर अशी वेगळी जोडी सुचवेल. ती वाईट नसते, पण तिचं दुखणं मधल्या वायरीत असतं. आरजी-५८ ही बारीक अँटेना वायर १८०० मेगाहर्ट्झला दर मीटरला साधारण पाऊण डेसिबल खाते (एक डेसिबल म्हणजे डीबीएमच्या आकड्यात १ चा फरक). दहा मीटरमध्ये सात-आठ डेसिबल गेले, म्हणजे रेंज दहा डेसिबलने वाढवणाऱ्या अँटेनाची जवळजवळ सगळी कमाई वायरीतच संपली. नेटवर्क केबलचं तसं नाही. तिच्यातून अंकी माहिती जाते आणि १०० मीटरपर्यंत इंटरनेट जसंच्या तसं पोचतं.

केबल मात्र पारखून घ्या. बाहेरच्या वापराची, काळ्या वेष्टणाची, 'कॅट-६' प्रतीची आणि शुद्ध तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच असते. आतली एक तार ब्लेडने हलकेच खरवडा. खालून चंदेरी निघालं तर परत करा. वरच्या डब्याला वीजही याच केबलमधून जाते आणि मुलाम्याच्या तारेत ती वाटेतच कमी पडते. मग डबा मधूनमधून आपोआप बंद-चालू होतो आणि दोष उगाच सिमवर जातो.

वीज सोडणारा छोटा डबा, म्हणजे पीओई इंजेक्टर, खोक्यात आलेलाच वापरा. काही २४ व्होल्टचे असतात, काही ४८ चे. अदलाबदल झाली तर राउटर जळू शकतो. त्यावर 'पीओई' आणि 'लॅन' अशी दोन छिद्रं असतात. वरून आलेली केबल 'पीओई'त, घरातल्या वायफाय राउटरची 'लॅन'मध्ये. दोन्हींवर आताच रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे कधी काढून पुसलं तरी चुकणार नाही.

बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. चढणाऱ्याला खाली उभं राहून सूचना द्या. वर नेण्याआधी सिमचा पिन, म्हणजे चालू करताना विचारला जाणारा आकडा, फोनमध्ये बंद करून टाका, सिम डब्यात बसवा आणि सगळं जमिनीवरच चालू करून बघा. सिमची खाच बहुधा डब्याच्या तळाशी असते. वर बांधून झाल्यावर पिनमुळे अडलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. खांब असा उभारा की आडवा पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही.

दिशा अंदाजाने ठरवू नका. डोळ्यांना दिसणारा टॉवर आपल्या कंपनीचा असेलच असं नाही. डबा ३० अंशांनी फिरवत जा, दर वेळी दोन मिनिटं थांबा आणि राउटरच्या पानावरचे (ते फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं) दोन आकडे टिपा: आरएसआरपी म्हणजे रेंज आणि एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल. पूर्ण फेरीत १२ नोंदी होतील. रेंज थोडी कमी पण एसआयएनआर १० च्या वर असेल, तर तीच दिशा धरा. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळीसारखा बाक द्या, म्हणजे पाणी त्या बाकावरून ठिबकेल, आत येणार नाही. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा. खांबाला अर्थिंग हवंच, आणि केबल घरात येते तिथे आकाशातल्या विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. तरीही गडगडाट सुरू झाला की सरळ प्लग काढा.

बूस्टर, म्हणजे बाहेरची रेंज पकडून वाढवून घरात सोडणारं यंत्र, कोणी सुचवलं तर नको म्हणा. अनेक देशांत ते परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. शिवाय त्याच्या बाहेरच्या अँटेनाला आतल्या अँटेनाचा सिग्नल पोचला की माईक स्पीकरसमोर धरल्यासारखं ते किंचाळतं आणि आसपासच्या सगळ्यांच्या फोनच्या रेंजमध्ये अडथळा आणतं.

उंचावरही काहीच मिळालं नाही, तर मोकळं आकाश दिसणारी उपग्रहाची डिश. सुमारे ३५,७८६ किलोमीटरवरच्या स्थिर उपग्रहावरून बोलताना अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो आणि दोघं एकदम बोलायला लागतात. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांवर तो त्रास नाही, पण ती डिश साधारण ५० ते १०० वॅट वीज खाते.

आणि वीज हाच मला सर्वांत काळजीचा भाग वाटतो. आई, तुझा फोन घरात वायफायवरून लागणार आहे, त्यासाठी त्यात 'वायफाय कॉलिंग' चालू करावं लागेल. तुझ्या बटणांच्या फोनमध्ये ती सोय बहुधा नसेल, म्हणून खरेदीआधी बघून घे. पण वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. वरचा डबा आणि घरातला वायफाय राउटर मिळून १५ वॅट घेत असतील, तर १२ व्होल्ट २० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी त्यांना बारा-तेरा तास चालवते. तिच्यावर टीव्ही, पंखा काही जोडू नका. वायफायवरून आणीबाणीचा फोन लावला तर पलीकडच्याला तुमची जागा दिसेलच असं नाही. पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि नकाशातले अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत, ठळक अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवा.

सध्या फक्त मोजमाप करा. जागा, वेळ, कंपनी, डीबीएम आणि वेग असे पाच रकाने आखा, आणि पुढच्या वेळी रेंजमध्ये याल तेव्हा त्या कागदाचा फोटो पाठवा. तो पाहून कोणता राउटर आणि किती मीटर केबल, ते कळवते.

तुमची लेक