लाइनमनचे वजन शेवटी बघावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या भरतीविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेल्या मजकुरात ऑफेन्सिव्ह लाइनमनचे, म्हणजे आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीत उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या खेळाडूचे, वर्णन ‘दीडशे किलोचा धिप्पाड मुलगा’ असे होते. शाळेतली मुले निवडताना या वर्णनाचा फारसा उपयोग नाही. वजन कॉलेजात चढवता येते. दोन वर्षांत पंधरा-वीस किलो वाढलेली मुले तिथे नवलाची नाहीत. हातांची लांबी, घोट्यांची लवचीकता आणि पावलांची चपळाई मात्र बरीचशी मुलाला घेऊनच यावी लागते.

म्हणून पोट सुटलेल्या १४० किलोच्या मुलापेक्षा ६ फूट ५ इंच उंचीचा, रुंद खांद्यांचा ११५ किलोचा मुलगा प्रशिक्षकांना अधिक भावतो. आईवडिलांची उंचीही ते विचारतात. टॅकलचे, म्हणजे या फळीच्या दोन टोकांना उभ्या राहणाऱ्यांचे, हात ३४ इंच असावेत, असा व्यावसायिक संघांचा ठोकताळा आहे. हात तोकडे असले की मुलगा फळीच्या आतल्या जागांकडे, गार्ड किंवा मधल्या सेंटरकडे, सरकतो, कारण तिथे बाहेरून वळसा घालून येणारा वेगवान प्रतिस्पर्धी सहसा नसतो.

शाळेच्या सामन्यांचे व्हिडिओ फसवे असतात. समोर ८० किलोचा पोरगा असेल तर त्याला उताणा पाडण्यात कसब कसले? बघायचे ते पासच्या वेळी. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवत मागे सरकताना मुलगा गुडघ्यांत वाकतो की कंबरेत? कंबरेत वाकणाऱ्याचे वजन पंजांवर पुढे जाते, डोके झुकते, आणि प्रतिस्पर्ध्याने हात झटकून नुसते बाजूला व्हायचे की हा तोंडावर पडतो. पावले एकमेकांना चिकटली किंवा एकमेकांवरून गेली तरी तोल गेलाच. हात समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूने बसायला हवेत. बाहेरून खांदे धरले की होल्डिंगचा, म्हणजे बेकायदा धरून ठेवल्याचा, पंचांचा झेंडा पडतो आणि संघ १० यार्ड मागे जातो. धावण्याच्या डावात पहिले पाऊल आखूड आणि झटपट हवे. लांब ढांग टाकली की एक पाय हवेत असतानाच धडक बसते.

दुसरा खेळ कोणता खेळतो, हे मी वजनाच्या आधी विचारीन. आयोवा विद्यापीठाकडून खेळलेला टॅकल ट्रिस्टन विर्फ्स शाळेत कुस्ती आणि गोळाफेकीत राज्य विजेता होता. तिथलाच टायलर लिंडरबॉम हाही शालेय कुस्तीगीर. बचावफळीतून सेंटरला आला आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी घेऊन गेला. कुस्ती खेळलेल्या मुलाला खाली राहण्याचे मोल शिकवावे लागत नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही.

या जागेवर, शालेय खेळाडूंना तारे देणाऱ्या भरतीच्या संकेतस्थळांचा अंदाज बराच चुकतो, कारण या मुलांची शरीरे उशिरा भरतात. एरिक फिशरला शाळेत दोनच तारे होते. सेंट्रल मिशिगनमधून तो २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, पहिला निवडला गेला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथा आलेला टॅकल लेन जॉन्सन शाळेत चक्क क्वार्टरबॅक होता. पहिल्या वर्षी अनेकांना रेडशर्ट करतात, म्हणजे चारपर्यंत सामने खेळूनही कॉलेजात खेळण्याच्या पात्रतेचे वर्ष खर्ची पडत नाही. हे वर्ष वाया गेले असे पालकांना वाटते. माझ्या मते लाइनमनला त्याचा सर्वाधिक फायदा.

अमेरिकेतल्या मराठी घरातला एखादा मुलगा या जागेवर खेळत असेल, तर व्हिडिओत नुसत्या जोरदार धडका जोडू नयेत. तगड्या संघाविरुद्धचा एक पूर्ण सामना द्यावा, हरलेल्या झटापटींसह. मार खाल्ल्यावर पुढच्या स्नॅपला, म्हणजे पुढचा डाव सुरू होताना, मुलगा काय बदलतो, ते प्रशिक्षक आवर्जून पाहतात. अभ्यासाकडेही बघावे: डिव्हिजन वनसाठी, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटासाठी, १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक) लागतो. त्यांपैकी १० विषय शाळेच्या शेवटच्या वर्षाआधीच पुरे व्हावे लागतात, हे बऱ्याच घरांत उशिरा कळते.

– एक वाचक, आयोवा सिटी