मिस्त्रीकाका, त्या दोन कड्यांसाठी आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

कुत्र्यासाठी साइडकार जोडून घ्यायला आलेला माणूस आधी रंग सांगतो, मग सीटचं रेक्झिन निवडतो. तुम्ही मात्र आधी कुत्र्याचं वजन विचारता, मग ते बसतं कसं, कशाला बिचकतं, झेप घेतं का, हे विचारता. गाडीचं मॉडेल त्यानंतर. सुरुवातीला हे प्रश्न जरा जास्तच वाटतात. साइडकारमध्ये जनावर घेऊन फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांना आता पक्कं कळलंय की खरं काम त्या प्रश्नांतच आहे. आभार खाजगीतही मानता आले असते. पण तुम्ही जे शिकवलंत ते नव्याने साइडकार लावणाऱ्यांच्याही कानावर जायला हवं, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

सगळ्यात मोठं ऋण एका हिशेबाचं आहे. साइडकारची गाडी वळणात झुकत नाही. साइडकार ज्या बाजूला, त्याच बाजूला वळलं की तिचं चाक हलकं होतं आणि वेग जास्त असेल तर उचलतं. नेमक्या त्याच क्षणी आत बसलेलं कुत्रं बाहेरच्या अंगाला, म्हणजे मोटरसायकलच्या दिशेला फेकलं जातं. जिथे वजन हवं तिथून ते निघून जातं. तुम्ही जमिनीवर खडूने आकडे मांडून दाखवता तसेच इथे मांडतो. मोटरसायकलच्या चाकांच्या रेषेपासून साइडकारचं चाक १.२ मीटरवर आहे असं धरा. ३० किलोचं कुत्रं रेषेपासून ०.७ मीटरवर बसलं असेल तर चाक खाली दाबून ठेवण्याच्या कामी त्याचा वाटा ३० गुणिले ०.७, म्हणजे २१. तेच कुत्रं मालकाकडे सरकून ०.४ मीटरवर आलं की वाटा १२. जवळजवळ निम्मा आधार एका सरकण्यात गेला. म्हणून कुत्र्याला भरती, म्हणजे चाक दाबून ठेवायला घातलेलं स्थिर वजन, समजायचं नाही. ते आपल्या मनाने हलणारं वजन आहे, आणि वळण कधी येणार हे त्याला माहीत नसतं.

यावरची तुमची वाळूची पिशवी दिसायला अगदी साधी. २५ किलो वाळू जाड कापडाच्या दुहेरी पिशवीत भरायची, साइडकारच्या चाकालगत तळाशी ठेवायची आणि पट्ट्याने चेसिसला, म्हणजे साइडकारच्या खालच्या सांगाड्याला, आवळायची. रेषेपासून १.१ मीटरवर तिचा वाटा २७.५ होतो, म्हणजे कुत्र्यापेक्षा जास्त, आणि तो कुठे जात नाही. पिशवी साइडकारच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, ठेवायची नाही, हेही तुम्हीच बजावलंत. साइडकारच्या उलट बाजूला जोरात वळलं की नाक खाली दबतं आणि मोटरसायकलचं मागचं चाक हलकं होतं. पुढे ठेवलेली भरती त्यात भरच घालते. पिशवी नुसती ठेवून दिली आणि बांधली नाही, तर तीही हलतं वजनच.

मोजमापाबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण गाडी एका बाजूला ओढते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची साइडकार रिकामी ठेवून लावलेली असते. तुम्ही चालवणाऱ्याला सीटवर बसवता, साइडकारमध्ये कुत्र्याच्या वजनाइतकी पोती ठेवता, तिन्ही टायरांत हवा पुरी भरता आणि मगच पाना हातात घेता. दोन मीटरहून लांब अशा दोन सरळ चौकोनी नळ्या, एक मोटरसायकलच्या दोन्ही चाकांलगत आणि एक साइडकारच्या चाकालगत. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून नळी मागच्या टायरला टेकवून पुढे रुंदीतल्या फरकाचा अर्धा भाग मोकळा सोडायचा. ही गोष्ट विसरली की सगळं माप चुकतं. मग दोन नळ्यांतलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे मोजायचं. पुढचं अंतर १० ते २० मिलिमीटरनी कमी हवं. हा टो-इन. त्याहून जास्त ठेवला तर टायर घासून जातात. मोटरसायकल साइडकारपासून किंचित बाहेर कललेली हवी, एक ते दोन अंश. त्यासाठी तुम्ही कुठलंही यंत्र वापरत नाही, गवंड्याचा ओळंबा लावता. ६० सेंटिमीटर उंचीत साधारण १० मिलिमीटर म्हणजे एक अंश, २० म्हणजे दोन. साइडकार मोटरसायकलला चार ठिकाणी जोडलेली असते: खालच्या दोन क्लॅम्पनी टो-इन बदलतो, वरच्या दोन दांड्यांनी कल. गाडी साइडकारकडे ओढत असेल तर कल थोडा वाढवायचा, उलटीकडे ओढत असेल तर कमी करायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

कुत्र्यामुळे ब्रेकचाही स्वभाव बदलतो. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर ब्रेक दाबल्यावर साइडकार पुढे जायला बघते आणि हँडल उलट दिशेला वळू पाहतं. आत जितकं वजन जास्त तितकं हे जास्त. वेग वाढवताना याच्या उलट, गाडी साइडकारकडे खेचली जाते. तुम्ही पोती भरून मोकळ्या मैदानात ब्रेकचा सराव करायला लावता, पोती काढल्यावर पुन्हा तोच सराव. आत खरं जनावर बसण्याआधी हात तयार झालेला असतो.

आता त्या दोन कड्या. पत्राचं नाव त्यांच्यावरून ठेवलंय, कारण जीव त्यांच्यावर टांगलेला असतो.

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून साइडकारमध्ये बसवलेली कुत्री आजही दिसतात, आणि पाहून पोटात गोळा येतो. दोरी काठ ओलांडण्याइतकी लांब आणि जमिनीपर्यंत न पोचण्याइतकी आखूड असली, की उडी मारलेलं कुत्रं बाहेर लटकतं. म्हणून छातीचा हार्नेस, पुढून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका घट्ट. बांधायचं पाठीवरच्या कडीला. हार्नेस मोटारीतल्या धडकेची चाचणी झालेला असावा. फिरायला नेण्याचे हार्नेस ओढ सहन करतात, धक्का नाही. धक्का किती, तेही तुमच्या खडूच्या हिशेबातून कळलं. ताशी ५० किलोमीटर वेगात असलेलं ३० किलोचं कुत्रं अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलं तर पट्ट्यावर सरासरी ६०० किलो वजनाइतका ताण येतो. हे ऐकल्यावर फायबरच्या बॉडीत पॉप रिव्हेटने ठोकलेल्या हँडलला कुणी कुत्रं बांधणार नाही.

तुमच्या कड्या चेसिसवर असतात. चेसिसच्या पाइपाला भोक पाडलं तर पाइप तिथेच कमकुवत होतो, म्हणून तुम्ही पाइपाला पट्टी वेल्ड करता, १० मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनमुळे सहज न सुटणारा) लावता. बॉडीच्या तळाला भोक पाडून त्यात रबरी बूच बसवता आणि पट्टा त्यातून वर घेता, म्हणजे तो फायबरच्या धारेवर कापला जात नाही. कड्या दोन, सीटच्या मागच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत, शक्य तितक्या खाली. एकाच कडीला बांधलेलं कुत्रं तिच्याभोवती अर्धवर्तुळात फिरतं आणि एका बाजूचा काठ गाठतंच. दोन बाजूंनी दोन पट्टे पाठीवरच्या एकाच कडीला आले की मोटरसायकलकडे सरकायला लागल्याबरोबर पलीकडचा पट्टा ताणून धरतो. वरचा २१ आणि १२ चा हिशेब इथे येऊन मिळतो. जो पट्टा कुत्र्याला बाहेर पडू देत नाही, तोच चाक जमिनीवर ठेवायलाही मदत करतो.

पट्ट्याची लांबी दुकानात ठरत नाही. कुत्र्याला आत बसवायचं, आडवं होऊ द्यायचं, वळू द्यायचं. एवढं जमलं पाहिजे आणि पुढचे पंजे काठावर टेकता कामा नयेत. त्या मापाला शिलाई घालायची. लवचिक रबरी पट्टा आणि आपोआप गुंडाळणारी दोरी, दोन्हींना तुम्ही ठाम नकार देता, आणि आमच्या मते तो योग्यच आहे, कारण ताण आला की दोन्ही लांब होतात. अंगठ्याने मागे ओढायची पितळी चाप-कडीही नको. ती हार्नेसच्या कडीवर तिरकी दाबली गेली की उघडते. फिरकीचं कुलूप असलेला पोलादी कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात तसा उघडझाप होणारा आकडा), आणि पट्ट्याला पीळ बसू नये म्हणून मध्ये एक फिरती कडी. मोटरसायकलच्या कुठल्याही भागाला कुत्रं बांधायचं नाही, हे तर तुम्ही दर वेळी सांगता.

बसायच्या जागेबद्दल थोडक्यात. तळाला ५० मिलिमीटर जाडीचा कडक फोम, त्यावर न घसरणारी रबरी चटई. मऊ गादीवर पाय रोवता येत नाहीत, आणि घसरणारं कुत्रं घाबरतं. सायलेन्सर साइडकारच्या बाजूला असेल तर अर्धा तास चालवून तळाला हाताची पाठ लावून पाहायची. पाच सेकंद धरवत नसेल तर मध्ये पत्रा आणि हवेची जागा हवी. धुराचंही तसंच. काच उंच असली की तिच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि मागचा धूर आत ओढला जातो. सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या मागे काढायचं आणि आपलं नाक कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला नेऊन वास घ्यायचा. काच पॉलिकार्बोनेटची असावी, अॅक्रिलिक फुटलं की धारदार तुकडे होतात.

डोळ्यांना चष्मा हवाच. वाऱ्यातला एक खडा बुबुळाला जखम करायला पुरेसा असतो. डोळा मिचकावणं, पंजाने चोळणं, एकाच डोळ्यातून पाणी, यांतलं काही दिसलं तर डॉक्टर त्याच दिवशी. चष्म्याची सवय घरात लावायची, आधी काही सेकंद, मग खाऊ, मग मिनिटभर. साइडकारचीही सवय याच चालीने. बंद गाडीत चढून बसणं, मग पाच मीटरवर इंजिन चालू, मग जवळ, मग आत बसलेलं असताना चालू, मग ताशी १५ किलोमीटरने पाच मिनिटं. दर पायरीला कुत्रं खाऊ घेतंय का ते पाहायचं. आवडता खाऊ नाकारणारं कुत्रं घाबरलेलं असतं, तिथे एक पायरी मागे. उतरण्याचा एक ठरलेला शब्द हवा आणि तो ऐकल्याशिवाय उतरायचं नाही. थांबल्यावर आधी इंजिन बंद, मग एका हाताने हार्नेस धरायचा, मगच कॅराबिनर उघडायचा. रस्त्याकडेला सर्वात जास्त धोका या दहा सेकंदांतच असतो. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना उडी मारू द्यायची नाही, त्यांच्यासाठी फळी लावायची.

लाळ गळणं, वारंवार ओठ चाटणं, जांभया म्हणजे गाडी लागतेय. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको. गोळी द्यायची तर जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलीच, माणसांची कुठलीही नाही. उन्हाचं भान वाऱ्यामुळे राहत नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही. अंगाचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. धाप थांबेना, हिरड्या गडद लाल, चाल लटपटती झाली, तर तिथेच सावलीत अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि मग दवाखाना गाठायचा. तासाला एक थांबा, घोटभर पाणी, हे तुमचं वेळापत्रक आम्ही मोडत नाही.

मांजरांसाठी तुम्ही हार्नेस लावूनच देत नाही, त्याबद्दल वेगळे आभार. घाबरलेलं मांजर मागे सरकून हार्नेसमधून निसटतं. कडक पेटी, दार मोटरसायकलकडे, वरून पातळ कापड आणि पेटीवरून दोन आडवे पट्टे चेसिसला. यापेक्षा दुसरी पद्धत आम्हालाही पटलेली नाही.

शेवटचं त्या पिवळ्या खुणांबद्दल. क्लॅम्प आवळून झाल्यावर तुम्ही प्रत्येक नटावरून पाइपावर रंगाची एक रेघ ओढता. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं, त्यानंतर दर वेळी निघण्याआधी फक्त पाहायचं. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. त्याच फेरीत पट्टे बोटांतून ओढून पाहायचे, धागे सुटलेत का, उन्हाने कडक झालेत का, दातांच्या खुणा आहेत का. चावलेला पट्टा शिवायचा नाही, बदलायचा. वरच्या दांड्यांवरचे दोन नट टाकीआड असल्यामुळे दिसत नव्हते. तिथे तुम्ही रेघ बाहेरच्या अंगाला वळवून घेतलीत, म्हणजे आता खाली न वाकता दोन्ही दिसतात.

आपले कृतज्ञ,
साइडकारमधल्या कुत्र्या-मांजरांची माणसं